ट्वायला क्रायडरचा न हरणारा खासदार

ट्वायला क्रायडर आणि मी सख्खे शेजारी, आणि उभ्या जन्मात आमचं कधी एकमत झालं नाही. ती त्या पक्षाची, मी या पक्षाचा. कुठला कोणता ते मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की ऐकणाऱ्यांतले अर्धे तिथेच कान मिटतात, उरलेले अर्धे माझ्या बाजूने माना डोलवायला लागतात, आणि खरं सांगायचं तर मला या दुसऱ्यांचाच जास्त राग येतो. आमच्याकडे तिच्या लोकांनी जे केलं तेच शेजारच्या राज्यात माझ्या लोकांनी केलंय. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, मी शाळेची बस चालवायचो. पोरं आणून टाकायची मी, त्यांना खायला घालायचं तिने. आवाज असा, की जेवणाच्या हॉलच्या एका टोकाला कुणी वाटाणे टेबलाखाली टाकले तर दुसऱ्या टोकावरून तिचं "उचल ते" ऐकू यायचं. नवरा एमरी गेला तेव्हा पक्षाचं गावातलं काम तिने अंगावर घेतलं. सप्टेंबर लागला की तिच्या अंगणात तिच्या उमेदवाराचा बोर्ड, माझ्या अंगणात माझ्या उमेदवाराचा. वारं सुटून बोर्ड वाकले की ती दोन्ही सरळ करायची. मी म्हणायचो, "माझा कशाला करतेस, पडू दे की." ती म्हणायची, "तुझा माणूस पडणारच आहे, बोर्ड तरी उभा राहू दे."

आमचं ड्रेसरफोर्ड धरणाच्या पायथ्याशी आहे. टेकडीवर वरची आळी, तिथे आम्ही दोघं. नदीकाठी खालची आळी, तिथे ट्वायलाची मुलगी जोलीन, जावई कोरी आणि दोन नाती. धरण मातीचं आहे, केंद्र सरकारचं. वर गवत उगवलेलं, त्यामुळे नवा माणूस आला की त्याला ती टेकडीच वाटते. टेकडीच्या पलीकडे आपल्या डोक्याच्या वरच्या उंचीला तलाव उभा आहे हे त्याला कुणी तरी सांगावं लागतं. ते ऐकल्यावर माणूस हमखास एकदा मागे वळून बघतो. आम्ही बघत नाही. रोजचं झालं की भीतीसुद्धा अंगवळणी पडते.

पण धरणाच्या पायथ्याशी एक ओला पट्टा आहे. उन्हाळ्यात सगळं गवत करपलं तरी तिथलं हिरवंगार, आणि हिवाळ्यात नदीसुद्धा गोठते तेव्हा तो तेवढा तुकडा गोठत नाही. धरणाच्या पोटातून एक लोखंडी पाइप जातो. तो गंजलाय आणि पाण्याने त्याच्या कडेने वाट काढलीय. सरकारी इंजिनिअर आले, त्यांनी सांगितलं की दोन कामं करायला हवीत. आधी पाया भरायचा, मग पाइप काढून नवा घालायचा. एक करून दुसरं सोडलं तर उपयोग नाही. ट्वायलाने विचारलं, "आणि दोन्ही नाही केलं तर?" त्यातला वयस्कर होता तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

पायाचं काम झालं. ते कसं झालं ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

दर निवडणुकीच्या आधी ऑक्टोबरात आमच्या गावात आगीच्या बंबांच्या शेडमध्ये जेवण असतं. बंब बाहेर काढायचे, आत टेबलं मांडायची, आणि दोन हंड्यांत ट्वायलाच्या हातचं पांढऱ्या घेवड्याचं सूप, डुकराचं हाड घालून सकाळपासून रटरटत ठेवलेलं. बरोबर मक्याचा पाव. एका हंड्यामागे एका पक्षाचा उमेदवार ओगराळं घेऊन उभा, दुसऱ्यामागे दुसऱ्या पक्षाचा. आणि आमची रीत अशी, की ज्याला मत द्यायचं नाही त्याच्या रांगेत उभं राहायचं. आपला माणूस आपलाच, त्याला काय विचारणार? वाडगा पुढे करायचा आणि एक प्रश्न विचारायचा. उत्तर येईपर्यंत वाडगा मागे घ्यायचा नाही आणि त्याने पुढच्याला वाढायचं नाही. ही रीत कुणी पाडली कुणाला ठाऊक नाही, पण तोवर मोडली कुणी नव्हती.

यात गंमत अशी, की समोरची रांग लांबत चालली की उमेदवाराला कळायचं, हे सगळे आपल्या विरोधातले. भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलंय. आमचा मतदारसंघ तेव्हा काठावरचा होता. नदीखालचं गिरण्यांचं शहर, कॉलेजचं गाव आणि आमचे डोंगर, सगळं एकत्र. कधी त्यांचा माणूस यायचा, कधी आमचा, आणि आला तरी केसाएवढ्या फरकाने.

ग्रेडी पेल्टन तिच्या पक्षाचा. पहिल्यांदा निवडून आला आणि दुसऱ्या खेपेला जेवणाला आला, तेव्हा त्याच्यासमोर रांग शेडच्या दाराबाहेर गेली होती. कोट काढून, बाह्या वर करून उभा होता बिचारा, कपाळावरचा घाम सूपात पडेल की काय असं वाटत होतं. माझा नंबर आला. मी वाडगा पुढे केला.

"साहेब, धरणाचं काय?"

"कसलं धरण?"

"या शेडमधून बाहेर पडा आणि डावीकडे मान वर करा."

मागचे हसले. तो हसला नाही. त्याने रांगेकडे पाहिलं, शेवट दिसत नव्हता. मग म्हणाला, "मला कागद पाठवा, मी स्वतः बघतो."

"कागद धाडून झालेत. तारीख सांगा, नाही तर मागचे उपाशी राहतील."

त्याने तारीख सांगितली. आणि पुढच्या वसंतात यंत्रं आली, धरणाच्या पायात सिमेंट भरलं. पेल्टन काही माझ्या प्रेमात पडला नव्हता. त्याला धास्ती होती, बस. तिकडे दुसऱ्या रांगेत ट्वायला माझ्या पक्षाच्या उमेदवाराला उभा सोलत होती. शेतीच्या बियाण्यांपासून पोस्टाच्या वेळेपर्यंत सगळं. तिने आयुष्यभर प्रश्न विचारले ते माझ्या माणसांना. स्वतःच्या माणसाला तिने एकही विचारला नाही, कारण तसं करायची रीतच नव्हती.

मग जनगणना झाली आणि मतदारसंघांचे नकाशे नव्याने आखायची वेळ आली. राज्याच्या विधिमंडळात तेव्हा तिचे लोक होते, म्हणजे पेन्सिल त्यांच्या हातात. जिल्ह्याच्या कोर्टात सुनावणी ठेवली, लोकांचं म्हणणं ऐकायला. ट्वायला निळा कोट घालून गेली आणि मला म्हणाली, "चल, तूही बघ."

तिने तिथे उभं राहून सांगितलं, की आम्हाला त्या कॉलेजच्या गावातून सोडवा. आम्ही डोंगरातले लोक, आमचं जमतं ते पलीकडच्या सपाटीवरच्या शेतकऱ्यांशी. दर दोन वर्षांनी जीव टांगणीला लागतो, एकदाचं स्वस्थ बसू द्या. छान बोलली. टाळ्या पडल्या. नकाशा काढणारा एक तरुण कॉम्प्युटर घेऊन बसला होता, नीट भांग पाडलेला, तो नंतर आमच्याजवळ आला आणि त्याने पडद्यावर दाखवलं. आमच्यापासून निघालेला एक लांबलचक पट्टा, मध्ये बारीक, मग पलीकडे सपाटीवर पसरलेला, नळातून पाणी सांडावं तसा. कॉलेजचं गाव आणि गिरण्यांचं शहर उचलून दुसरीकडे कोंबलेलं, म्हणजे माझे लोक तिथे ढिगाने जिंकणार आणि बाकी सगळीकडे हरणार.

"मॅडम, आता तुमची जागा कुणी हलवू शकत नाही," तो म्हणाला.

"कधीच?" ट्वायलाने विचारलं.

"पुढची दहा वर्षं तरी नाही."

घरी येताना ती खुशीत होती. मला म्हणाली, "यॉकी, तोंड एवढं उतरवू नकोस. तुझ्यासाठी केक आणून देते."

"मला केक नको. माझ्या मताचं काय झालं ते तरी सांग."

"तुझं मत आहे की. टाक की. कोण नको म्हणतंय?"

संध्याकाळी केक आणून दिलान. दालचिनी जास्त झाली होती. मी खाल्ला.

त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीला पेल्टन जेवणाला उशिरा आला. माझ्या पक्षाला उमेदवार मिळता मिळेना, शेवटी संगीत शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंना गळ घालून उभं केलं. कॉलेजच्या गावाहून आणि गिरण्यांच्या शहरातून येणारे आता यायचे बंद झाले होते, त्यामुळे बाईंसमोर ही रांग, पेल्टनसमोर मी आणि चार टाळकी. त्याने कोट काढला नाही. ओगराळं हातात धरून फोटो काढून घेतला.

मी वाडगा पुढे केला. "साहेब, पाया झाला. पाइपाचं काय?"

"बघू," तो म्हणाला. माझ्या डोक्यावरून मागे बघत होता, तिथे कुणी नव्हतं.

"बघू हे उत्तर नाही. वाडगा मागे घेणार नाही मी."

तो हसला, ओगराळं शेजारच्या माणसाच्या हातात दिलं, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. वाडगा तसाच पुढे धरून मी उभा. पलीकडच्या रांगेतून ट्वायला बघत होती. मला वाटलं आता काही टोमणा मारेल. तिने मान वळवली आणि बाईंना पोस्टाच्या वेळा विचारायला लागली.

पुढे जे झालं ते मला तेव्हा दिसलं नव्हतं, तिलाही नाही. पेल्टनला माझ्या पक्षाची भीती उरली नाही, पण म्हणून तो निर्धास्त झाला असं नाही. आमच्याकडे खऱ्या निवडणुकीआधी वसंतात पक्षातल्या पक्षात निवडणूक होते. तिला येतात थोडे लोक, आणि येतात ते सगळे तावातावाने आलेले. सपाटीवरचा एक गडी तिथे त्याच्याविरुद्ध उभा राहिला. गावोगाव ओरडत सुटला, की पेल्टन मऊ आहे, विरोधकांशी बोलतो, लोकांच्या करातून डोंगरातल्या धरणांना खिरापत वाटतो. सपाटीवर धरण नाही. तिथल्या लोकांना ते पटलं. आणि पेल्टनने काय करावं? धरणाचं दुसरं काम सरकारी कामांच्या यादीतून काढायला लावलं, आणि रेडिओवर सांगितलं, की ड्रेसरफोर्डचं धरण ठणठणीत आहे, घबराट पसरवतायत ते विरोधक.

ट्वायलाने ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकलं. मला वाटलं आता रेडिओवर खेकसेल. ती हळूच म्हणाली, "त्याला कुणीतरी चुकीची माहिती दिली असेल." आणि कॉफी तशीच ठेवून घरी गेली.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी धरणाच्या पायथ्याशी जायला लागली. काठीने ओल्या पट्ट्याची कड टोचत बघायची. पट्टा वाढत होता. घाईने नाही, पण वाढत होता. गेल्या वर्षी ज्या दगडावर ती टेकून उभी राहायची तो आता चिखलात होता.

मग ती खाली जोलीनकडे गेली. मी बरोबर होतो, तिच्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली होती म्हणून गाडीने सोडायला. पोरी अंगणात दोरीच्या उड्या मारत होत्या. ट्वायला म्हणाली, "माझ्याकडे वर चला. तीन खोल्या रिकाम्या आहेत. पाइपाचं काम होईपर्यंत तरी."

जोलीन कपडे वाळत घालत होती. "मम्मी, कसलं पाइपाचं काम? धरण ठणठणीत आहे."

"मी रोज बघतेय, जोलीन."

"तू रोज यॉकीकाकांबरोबर बसतेस, म्हणून तुला असं वाटतं. ही त्यांच्या लोकांची अफवा आहे. पेल्टन साहेबांनी स्वतः सांगितलंय."

"पेल्टनने बघितलं नाहीये ते."

जोलीनने चिमटा दोरीवर दाबला आणि आईकडे वळून पाहिलं. रागाने नाही, काळजीने. आई म्हातारी झाली की मुली बघतात तसं. "मम्मी, मला कुणी शिकवलं, की आपला माणूस आपल्याला बुडवणार नाही म्हणून? तूच ना?"

मी तोंड उघडलं. ट्वायलाने माझा हात धरला आणि पुटपुटली, "तू बोलू नकोस. तू बोललास की ती अजिबात ऐकणार नाही." खरंच होतं ते. धरणाला गळती आहे की नाही हा प्रश्नही आता पक्षाचा झाला होता, आणि मी उत्तर बरोबर देऊन काय उपयोग, मी चुकीच्या पक्षाचा.

परतताना गाडीत म्हणाली, "त्यालाच विचारते. समोरासमोर."

"विचारलंयस कधी?"

"नाही," ती म्हणाली. "पण तो माझा माणूस आहे, यॉकी. मी विचारलं तर सांगेल."

वसंतातल्या निवडणुकीआधी पेल्टनची सभा सपाटीवरच्या एका गावात होती. अर्ध्या दिवसाचा रस्ता. एकाच मतदारसंघातल्या एका गावातून दुसऱ्या गावात जाताना आम्ही वाटेत दोनदा मतदारसंघाच्या बाहेर पडलो आणि दोनदा आत आलो. नकाशावर तो पट्टा जिथे बारीक होता तिथे एका बाजूला दफनभूमी आणि दुसऱ्या बाजूला गोदाम, मतदार म्हणून बघायला गेलं तर एक कुत्रं. ट्वायला खिडकीतून बघत होती. "हे लोक कोण आहेत?" ती म्हणाली.

"तुझे लोक. तूच मागितलेस."

एरवी तिने मला सोडलं नसतं. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

सभा शेतीच्या यंत्रांच्या शोरूममध्ये होती. तिच्या छातीवर पक्षाची पिन, एमरीची. मी मागे भिंतीशी उभा. प्रश्नांची वेळ आली आणि तिने हात वर केला. स्वयंपाकघरातला तोच आवाज. "साहेब, मी ड्रेसरफोर्डची. धरणाच्या पाइपाचं काम यादीतून का काढलं? ओल वाढतेय. खाली माझ्या नाती राहतात."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "हिला कुणी पाठवलं?" दुसरा म्हणाला, "त्यांची माणसं आपल्यात घुसवतात, माहीत आहे आम्हाला." हुर्यो सुरू झाली. ट्वायला मागे वळून म्हणाली, "अरे, मी तुमचीच आहे, गावातलं पक्षाचं काम मी बघते," पण ते ऐकायला कुणाचे कान मोकळे नव्हते. एका बाईने तिच्या पिनकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ती काढा आधी." पेल्टन मंचावर होता. त्याला ती माहीत होती, तिच्या हातचं सूप त्याने तीन वेळा वाढलं होतं. त्याने लोकांकडे पाहिलं, हात वर केले आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळला.

सभा संपल्यावर मागच्या दाराशी, गाड्या उभ्या होत्या तिथे, तो आम्हाला गाठायला आला. हे त्याचं मला कौतुकच वाटतं. नुसता निघून जाऊ शकला असता. त्याने ट्वायलाचे दोन्ही हात हातात घेतले.

"ट्वायला, मला वाईट वाटतं. पण तिथे मी काही बोललो असतो तर उद्या त्या दुसऱ्या गड्याने मला खाल्लं असतं."

"धरण खरंच ठणठणीत आहे असं वाटतं तुम्हाला?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"मग काम परत घाला यादीत," ती म्हणाली. "नाही तर आमच्या गावची मतं तुम्हाला मिळायची नाहीत."

आणि तो हसला. कुत्सितपणे नाही हो, अगदी मायेने. माझ्या अंगावर काटा आला तो त्या मायेने. "ट्वायला," तो म्हणाला, "तुम्ही मला मत नाही देणार, तर जाणार कुठे?"

तिचे हात थोपटून तो गाडीत बसला. ती तिथेच उभी. मी गाडी आणली, दार उघडलं, तरी बसेना. शेवटी बसली. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. दोनदा मतदारसंघाच्या बाहेर, दोनदा आत.

पेल्टन वसंतातली निवडणूक जिंकला. माझ्या पक्षाने त्या वर्षी उमेदवारच दिला नाही. संगीताच्या बाईंनी हात जोडले, आणि दुसरं कुणी कशाला स्वतःचा तमाशा करून घेईल? ऑक्टोबर आला. ट्वायलाने सवयीने दोन हंडे चढवले. पेल्टनच्या ऑफिसातून निरोप आला, साहेब दुसऱ्या जिल्ह्यात व्यग्र आहेत, तुम्हाला शुभेच्छा.

लोक मात्र आले. वाडगे घेऊन शेडमध्ये उभे राहिले आणि कुठे रांग लावायची ते कुणाला कळेना. तिच्या पक्षाच्यांना तर उभं राहायला जागाच नव्हती, ज्याला मत द्यायचं नाही असा माणूसच कुणी शिल्लक नव्हता. बराच वेळ सगळे घुटमळत राहिले. मग कोरी म्हणाला, "अहो, भूक लागलीय, वाढा कुणीतरी." ट्वायलाने ओगराळं घेतलं आणि वाढायला लागली. कुणी तिला काही विचारलं नाही. सूप संपलं, माणसं घरी गेली. इतकं शांत जेवण मी त्या शेडमध्ये कधी जेवलो नाही.

नोव्हेंबरात मतपत्रिकेवर एकच नाव होतं. मी ती खूण न करताच पेटीत टाकली. तिने काय केलं ते मी विचारलं नाही.

आणि डिसेंबरात सरकारी गाडी आली. ट्वायला धावत, म्हणजे तिच्या गुडघ्यांनी जमेल तशी, खाली गेली. तिला वाटलं पाइप आला. माणसांनी खालच्या आळीच्या तोंडाशी एक खांब पुरला आणि वर भोंगा बसवला. पाणी वाढलं की वाजेल, लोकांनी टेकडीकडे पळायचं. पेल्टनच्या ऑफिसने पेपरात छापून आणलं, की साहेबांनी ड्रेसरफोर्डच्या सुरक्षेसाठी हे करून दाखवलं. जोलीनने ते कापून फ्रिजवर लावलं.

"बघ मम्मी," ती म्हणाली, "झाली ना सोय?"

ट्वायलाने त्या माणसांना विचारलं, "हा चालतो कशावर?"

"विजेवर, बाई."

"वादळ झालं की आमच्याकडे पहिली वीजच जाते."

"बॅटरीची मागणी नोंदवलीय," तो म्हणाला, आणि गाडीत बसताना त्याने एकदा धरणाकडे मान वर करून पाहिलं.

आज सकाळीच तिने माझं दार वाजवलं. "यॉकी, तुझी गाडी हवी. गादी न्यायचीय."

"कुठे?"

"जोलीनकडे. खाली."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. टेकडीवरचं घर, तीन रिकाम्या खोल्या. जगात कुणाला पाण्याचं भय नसेल तर ते तिला. मी म्हणालो, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? त्यांना वर आणायचं सोडून तू खाली चाललीस?"

"वर यायला त्या तयार नाहीत. तीन वेळा सांगून झालं." ती उशा गाडीत टाकत होती. "जोलीनला सांगितलंय, गुडघा दुखतो, एकटीला जिने जमत नाहीत. ते तिला पटलं."

"आणि तिथे जाऊन करणार काय तू?"

ती गाडीत बसली आणि पट्टा लावला. "पेल्टनला आता निवडणुकीची रात्रसुद्धा शांत झोप लागते," ती म्हणाली. "ती मी मिळवून दिलीय त्याला, त्या कोर्टात उभी राहून. कुणीतरी जागं राहायला हवं की नाही?"

मी तिला खाली नेलं. काल रात्रीपासून वरच्या अंगाला पाऊस आहे आणि बर्फ वितळायला लागलंय. गादी मी आणि कोरीने आत नेली. तिने ती मुलींच्या खोलीत, दोघींच्या पलंगांच्या आणि खिडकीच्या मध्ये, जमिनीवर टाकायला लावली.